टोकाची भूमिका

मध्य टेक्सासमध्ये राहायचं तर एक पथ्य पाळावं. समोरचा माणूस खिशात हात घालत "तुला एक गंमत दाखवतो" म्हणाला, की आपल्याला ताबडतोब गॅसवर ठेवलेलं दूध आठवावं. कारण खिशातून दगड निघतो. दर वेळी दगडच निघतो. इथल्या निवृत्त मंडळींच्या खिशात नातवंडांचे फोटो कमी आणि दगड जास्त. तो तळहातावर ठेवून ते आपल्या तोंडाकडे बघत राहतात. आपण सभ्यपणे "वा, छान आहे" म्हणावं, तर उत्तर येतं, "छान आहे हे मलाही दिसतंय. कुठलं आहे ते सांग."

सगळी मेख तिथे आहे. भाल्याला किंवा बाणाला बसवायला हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी घडवलेलं दगडी टोक सापडणं, ही इथे बातमीच नव्हे. जमिनीखाली एडवर्ड्स नावाचा चुनखडक आहे, त्यात चर्ट नावाचा दगड ठासून भरलाय, आणि तो फोडला की काचेसारखी धार येते. तेरा हजार वर्षं माणसं इथे बसून दगड फोडत होती. एवढी वर्षं एवढ्या लोकांनी एकच उद्योग केला आणि मागे कधी झाडू मारला नाही, तर काय होणार? नांगराला टोकं लागतात, ओढ्यात टोकं सापडतात, गुरांच्या खुराखाली टोकं येतात. ज्याला सापडलं त्याला कोणी विचारत नाही. ते कुठल्या प्रकारचं आहे हे सांगणारा तो विद्वान. आणि आपल्याला हे सांगता येतं असं समजणारी माणसं या भागात चर्टपेक्षा जास्त आहेत.

मी अनेक वर्षं दगडाला दगड म्हणत इथे सुखाने राहत होतो. मग साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि नेमके त्याच सुमाराला शेजारचे आजोबा म्हणाले, "मित्राच्या रँचवर ओढा आहे. मालकाची परवानगी आहे. चल." मी चाललो. आजोबा चालत नव्हते, ते मान खाली घालून सरपटत होते. मिनिटाला पाऊल, पावलाला मिनिट. साखर जिथल्या तिथे राहिली. पण वाळूत मला एक छान तिकोनी दगड दिसला.

"बाणाचं टोक!" मी ओरडलो.

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. "पहिली गोष्ट, हे बाणाचं नाही."

धनुष्यबाण टेक्सासात आला तो इसवी सन ७०० च्या सुमाराला. त्याआधीची हजारो वर्षं इथली माणसं अटलाटल नावाच्या, आकडा असलेल्या काठीने भाला भिरकावत होती. बाणाचं टोक असतं चिमुकलं, नाजूक. माझ्या हातातलं प्रकरण त्यामानाने तालमीत जाणारं होतं.

"बरं, मग भाल्याचं टोक."

"दुसरी गोष्ट, हे टोकही नसेल. सुरी असेल." अशा पुष्कळ टोकांच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, तर कापल्या-सोलल्याची झीज दिसते म्हणे. शिकार मारायची आणि मग तेच पातं घेऊन ती सोलायला बसायचं.

"बरं, सुरी."

"तिसरी गोष्ट," आजोबांनी दगड ओढ्यात भिरकावला, "हा ट्रॅक्टरखाली फुटलाय. बहुतेक गेल्या हंगामात."

स्वाभिमानी माणूस इथेच थांबला असता. मी श्रीखंडाचा एक रिकामा डबा घेतला आणि त्यात खरीखुरी, माणसाने घडवलेली, ट्रॅक्टरने न फोडलेली टोकं जमवायला लागलो. डबा भरल्यावर अभिमानाने आजोबांपुढे ओतला. त्यांनी एका बोटाने ढीग चाळला.

"ही सगळी टोकं आहेत."

"आपण टोकंच तर शोधतोय ना?"

"टोकावरून काही कळत नाही. बूड आण."

या शास्त्राचा हा पहिला आणि सगळ्यात अन्यायकारक नियम. टोकदारपणात कोणाचं काही वेगळं नसतं. हरणाला काय टोचायचं याबद्दल तेरा हजार वर्षांत फारसे मतभेद झालेले नाहीत. मतभेद झाले ते काठीत बसवायच्या बाजूबद्दल. कोणी बूड सरळ ठेवलं, कोणी दोन्ही बाजूंना खाचा पाडल्या, कोणी कोपऱ्यात पाडल्या, कोणी खालून चिरलं, कोणी तांतीने बांधताना ती तुटू नये म्हणून कडा घासून बोथट केल्या. ओळख पटते ती या बुडावरून. माझे वडील सरकारी नोकरीत होते. बूड कुठे टेकलंय यावरून माणसाची किंमत ठरते, हे ते नेहमी सांगायचे, पण ते अश्मयुगाबद्दल बोलत असतील असं मला वाटलं नव्हतं.

आजोबांनी मला एक जुनं, कुत्र्याने कोपरे खाल्लेलं हँडबुक वाचायला दिलं. डी ॲन सूम, ॲलेक्स क्रीगर आणि एडवर्ड जेल्क्स या तिघांनी १९५४ साली टेक्सासच्या पुरातत्त्वावर ते काढलं आणि इथल्या टोकांचे प्रकार नावानिशी लावून दिले. नावं बहुतेक गावांची, नद्यांची, काउंट्यांची. बुलव्हर्डे. कॅस्ट्रोव्हिल. माँटेल. युव्हाल्डी. पेडर्नालेस. रात्री अंथरुणात पडून यादी वाचताना मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. अरे, ही तर सगळी आपली 'कर' मंडळी!

हे बुलव्हर्डेकर: बूड सरळ, चौकोनी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हे कॅस्ट्रोव्हिलकर: अंगाने आडवे, खांद्याचे काटे पार बुडाच्या रेषेपर्यंत लोंबणारे, पंगतीत दोन पाट अडवून बसणारे. हे माँटेलकर: बूड मधोमध चिरलेलं, म्हणजे भाऊबंदकी जन्मतःच. आणि हे पेडर्नालेसकर: साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं घराणं, बुडाला खालून खोलगट खाच, आणि गोतावळा एवढा प्रचंड की मध्य टेक्सासात कुठेही फावडं मारा, एकजण हात वर करून उभा. खरोखर तज्ज्ञ असलेला माणूस पेडर्नालेसकडे बघून फक्त "हं" म्हणतो. लग्नाच्या हॉलमध्ये "अहो, कुलकर्णी!" अशी हाक मारल्यावर किती माना वळतात, ते ज्याने पाहिलंय त्याला हा "हं" समजेल.

एकदा हे सूत्र सापडल्यावर मला वाटलं, आता काय, सोपं आहे. मूळ गाव कोणतं, शाखा कोणती, एवढं विचारायचं. यात तर आपला हात कोणी धरणार नाही. पण घोटाळा तोच, जो आपल्याकडेही असतो. नाव एका गावाचं आणि वस्ती भलतीकडे. क्लोव्हिस हे न्यू मेक्सिकोतलं गाव. त्याच्याजवळ ब्लॅकवॉटर ड्रॉमध्ये १९२९ साली ती टोकं पहिल्यांदा लक्षात आली, म्हणून ते क्लोव्हिसकर. प्रत्यक्षात ते अख्ख्या उत्तर अमेरिकेत पसरलेले. बऱ्याच जणांनी त्या गावची वेस पाहिलेलीही नाही.

शिवाय सरहद्द ओलांडली की आडनाव बदलतं. आमच्या घरापासून गाडीने थोड्या अंतरावर अँडिस नावाची चार घरांची वस्ती आहे. खोल, अरुंद खाचा आणि लांबलचक काटे असलेल्या एका देखण्या टोकाला या वस्तीचं नाव आहे. हेच टोक रेड नदी ओलांडून ओक्लाहोमात गेलं, की तिथले लोक त्याला 'काफ क्रीक' म्हणतात आणि दुसरं काही ऐकून घेत नाहीत. टोक तेच, खाच तीच. बेळगावात राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

मी शास्त्रशुद्ध जायचं ठरवलं. नेव्हाडातल्या मॉनिटर व्हॅलीच्या टोकांसाठी डेव्हिड हर्स्ट थॉमस यांनी १९८१ साली एक पद्धत मांडली: वजन करा, रुंदी मोजा, खाचेचे कोन मोजा, आणि अमुक अंशांच्या वर असेल तर हा प्रकार, खाली असेल तर तो. मतं नाहीत, भांडणं नाहीत, शुद्ध भूमिती. चिरंजीव कॉलेजला गेल्यापासून त्याची कंपासपेटी माळ्यावर पडून होती. ती काढली, कोनमापक पुसला, स्वयंपाकघरातला मसाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा पळवला आणि रात्री उशिरापर्यंत बसून एका टोकाचे सगळे कोन काढले. सकाळी आजोबांना निकाल सांगितला. "एल्को!"

"सुंदर," आजोबा म्हणाले. "पण एल्को नेव्हाडात असतात. हे टेक्सासचं आहे."

"पण कोन तर तोच येतोय!"

"कोन काहीही येईल. हजार मैल चालत आलं का ते?"

बायकोचा प्रश्न वेगळा होता. तिला वेलदोड्याच्या पुडीत दगडाची कपची मिळाली होती.

त्यात १९८६ साली जेफ्री फ्लेनिकन आणि ॲनन रेमंड या दोघांनी आणखी तेल ओतलं. त्यांनी स्वतः एल्को पद्धतीची नवी टोकं घडवली, काठ्यांना बसवली, अटलाटलने फेकून फेकून मोडली, मग मोडलेली पुन्हा धार लावून कामाला जुंपली. आणि बघतात तर काही टोकांचा प्रकारच बदललेला! सकाळी एका नावाने निघालेलं टोक संध्याकाळी दुरुस्त होऊन दुसऱ्याच घराण्यात. हे वाचून मी आजोबांना विचारलं, की मग तुमच्या कपाटातल्या प्रत्येक टोकाखाली जी चिठ्ठी आहे, तिचं काय? आजोबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचा रुसवा काढायला म्हणून मी अतिनील प्रकाशाची विजेरी मागवली. एडवर्ड्स चर्टवर हा प्रकाश पाडला, की तो अंधारात पिवळट-नारिंगी चमकतो; दगड इथला की परका, याचा अंदाज येतो. विजेरी आली, रात्र झाली, मी घरामागे गेलो. दिवे मालवले आणि बटण दाबलं.

सगळीकडे चमचम झाली. पण पिवळट-नारिंगी नाही. हिरवट-निळी. आणि ती चालत होती.

विंचू अतिनील प्रकाशात चमकतात ही माहिती विजेरीच्या खोक्यावर होती, पण मागच्या बाजूला. कुंपणावर विंचू, कुंडीखाली विंचू, माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर विंचू. म्हणजे इतकी वर्षं आम्ही इथे संध्याकाळी अनवाणी चहा घेत होतो तो यांच्या सहवासात. मी जोरात हाक मारली. बायको दारात आली, तिने एकदा विजेरीच्या झोताकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे.

"आधी दिसत नव्हते ना?"

"नव्हते."

"मग तू का दाखवलेस?"

दुसऱ्या दिवसापासून मागचं अंगण उपटायचं काम सुरू झालं. गवत गेलं, लाकडं गेली, कुंड्या गेल्या, आणि त्या जागी पसरायला एक ट्रक भरून नदीतली गोट्यांची खडी आली. ती पसरताना माझ्या फावड्याखाली एक तुकडा आला. टोक तुटलेलं. पण बूड शाबूत! खालून छान खोलगट खाच! मी फावडं टाकून तसाच मातकट हातांनी घरात धावलो. या आनंदावर बायकोने जे उद्गार काढले, ते गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत छापता येणार नाहीत.

गणेशोत्सवावरून आठवलं. आमच्या मंडळाच्या खजिनदारांना हा नाद माझ्याही आधीपासून, फक्त ते विकत घेणाऱ्यांपैकी. उन्हात कशाला भटकायचं, असा त्यांचा सवाल. त्यांनी टेक्सासच्या नकाशाच्या आकाराच्या फळीवर टोकं चिकटवून, काचेत बसवून, ती फळी आरतीनंतर सगळ्यांना बघायला ठेवली होती. शेजारी सर्टिफिकेट. मी आजोबांना मोदक खायला म्हणून घेऊन गेलो होतो. त्यांनी एका हातात मोदक आणि दुसऱ्या हातात भिंग धरलं.

"हे हिरवं फार दुर्मिळ," खजिनदार म्हणाले. "असं चर्ट आता मिळत नाही."

"मिळतं," आजोबा म्हणाले. "बिअरच्या बाटलीचं बूड आहे हे."

हौशी कारागीर सरावासाठी खरोखर बाटल्यांची बुडं फोडतात; धार उत्तम येते. प्रामाणिक असतील ते आपल्या कामावर सहीही करतात. पुढे कोणी सही घासून टाकली, तर दगडाला बिचाऱ्याला बोलता येत नाही.

"पण हे पांढरंशुभ्र बघा, कसं गुळगुळीत आहे!"

आजोबांनी भिंग जवळ नेलं. बराच वेळ बघितलं. मग मोदक खाली ठेवला, हे मला आवडलं. माणसाला प्रसंगाचं भान होतं. "हे कमोडच्या टाकीचं झाकण आहे."

"अहो, पण सर्टिफिकेट आहे!"

"सर्टिफिकेट खरं वाटतंय," आजोबा म्हणाले. "कागद चांगला आहे."

परतीच्या वाटेवर त्यांनी मला पुन्हा जॉर्ज मॅकजंकिनची गोष्ट सांगितली. ती ते कोणत्याही निमित्ताने सांगतात, पण गोष्टच तशी आहे. मॅकजंकिन टेक्सासात गुलामगिरीत जन्मला, पुढे न्यू मेक्सिकोत फॉल्सम गावाजवळच्या रँचवर मुकादम झाला. १९०८ साली तिथे मोठा पूर आला, घळीचा काठ खचला आणि कुंपण बघायला निघालेल्या मॅकजंकिनला खोल मातीत हाडं दिसली. गुरं पाळण्यात हयात घालवलेला माणूस तो; ही हाडं गाईची नाहीत, हल्लीच्या बायसनचीही नाहीत, हे त्याला कळलं. त्याने ज्याला त्याला सांगितलं. कोणी आलं नाही. १९२२ साली तो वारला. १९२६ मध्ये डेन्व्हरच्या म्युझियमची माणसं तिथे खणायला गेली, आणि १९२७ साली नामशेष झालेल्या बायसनच्या बरगड्यांमध्ये रुतलेलं दगडी टोक सापडलं. पण आता कोणी विश्वास ठेवणार नाही हे ओळखून त्यांनी ते हलवलं नाही. विद्वानांना तारा केल्या: जसंच्या तसं ठेवलंय, येऊन बघा. विद्वान आले, वाकून बघितलं आणि हिमयुगात अमेरिकेत माणूस होता हे कबूल केलं. टोकाला फॉल्सम गावाचं नाव मिळालं. मॅकजंकिनचं नाव कुठल्याच टोकाला नाही.

"म्हणून," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी हायवेच्या कडेला गाडी थांबवली, "घळ दिसली की उतरायचं." मी सिल्कच्या झब्ब्यात घळीत उतरलो.

तिथेच, काट्यात अडकलेला झब्बा सोडवताना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कसली टोकं सापडतात रे?"

आता माझं पुण्यातलं बरंच आयुष्य डेक्कन कॉलेजवरून बसने जाण्यात गेलंय, पण त्या इमारतीत दगडांचा केवढा अभ्यास चालतो, हे मला टेक्सासात आल्यावर कळलं. जेवढं वाचलं होतं तेवढं सांगितलं. आमच्याकडची सूक्ष्मास्त्रं नखाएवढी असतात, गारेची, अकीकाची. एकट्याने काम होत नाही. काठीच्या खाचेत ओळीने पुष्कळ बसवायची. आणि त्यांचे प्रकार म्हणजे त्रिकोण, समलंब चौकोन, चंद्रकोर.

"गावांची नावं नाहीत दिलेली?"

"गावांची नावं आमच्याकडे माणसं लावतात."

आजोबांनी यावर बराच विचार केला. "म्हणजे तुमच्या दगडांना भूमिती आणि माणसांना भूगोल. अवघड देश आहे."

मग तो दिवस आला. इथे हौशी लोकांची पुरातत्त्व मंडळं असतात, आणि ती अधूनमधून लायब्ररीत टेबल मांडून बसतात: तुमच्या घरातले दगड आणा, आम्ही ओळखून देतो. रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ बूटभर दगड घेऊन उभे होते, बूट अक्षरशः. त्यांच्या सगळ्या दगडांना "निसर्गनिर्मित" असा शेरा मिळाला आणि ते "निसर्गाला एवढं जमतं का" असं पुटपुटत बूट उचलून गेले. माझा नंबर लागला. टेबलामागच्या बाईंपुढे मी रुमालाची घडी उलगडली.

"पेडर्नालेस," बाई म्हणाल्या. तुकडा अजून रुमालातच होता.

"जरा हातात घेऊन तरी बघा."

"सकाळपासून तेच बघतेय." पण त्यांनी घेतला, उलटा केला, खाचेवरून अंगठा फिरवला. "हं." मग फॉर्म पुढे ओढला. "कुठे सापडला?"

"माझ्या घरामागे."

बाईंचे डोळे चमकले. "किती खोल? कसल्या मातीत?"

"खोल नाही. वरच. खडीत."

"खडी कुठून आली?"

"ट्रकमधून."

पेन थांबलं. "ट्रक कुठून आला?"

"दुकानातून. दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला नदीतून. कुठली नदी विचारलं, तर म्हणाला पैसे रोख देणार का कार्डाने."

बाईंनी दीर्घ श्वास घेतला आणि 'मूळ ठिकाण'च्या चौकटीत एक आडवी रेघ मारली. टोक कुठे पडलं होतं ते माहीत नसेल, तर ते कोणाचं, कधीचं, कोणाबरोबरचं, यातलं काहीच पक्कं बोलता येत नाही, असं त्यांनी मला समजावलं. घराणं कळलं, घर कळलं नाही. मी दुःखी चेहऱ्याने मान डोलावली. मग त्यांनी माझं नाव विचारलं. आडनावाचं स्पेलिंग सांगताना रांग आणखी वाढली.

"फार लांब आहे हो."

"गावाचं नाव आहे. शेवटचा 'कर' म्हणजे तिथला राहणारा."

"अरे वा! म्हणजे तुम्ही तिथले."

"तसं मी ते गाव पाहिलेलं नाही."

"वडिलांनी?"

"त्यांनीही नाही. आमच्या पणजोबांनीच सोडलं."

बाईंनी मला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं. "मग तुम्ही कुठे सापडलात?"

"पुण्यात."

"तिथे कसे पोचलात?"

"पणजोबा बैलगाडीने आले, असं घरात सांगतात."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. "आणि बैलगाडी कुठून आली?"